आखजीची बाकी

आमचे हे परदेशातून परत आले, त्या दिवशी मी मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. थंडी नुकतीच पडायला लागली होती. बांधावरून कोणी माणूस येताना दिसला. चाल ओळखीची होती, पण मन मानेना, कारण येणार असल्याचं ह्यांनी काही कळवलंच नव्हतं. एका हातात पेटी, काखेत ट्रान्झिस्टर. जवळ आले, विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "कंपनीचं दिवाळं निघालं."

मी आधी पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. नाहीतर वाफा फुटून तेवढंही वाया गेलं असतं. मग पगाराचं विचारलं. ह्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तो मळा आमचा नव्हता, हे आधी सांगते. धामणगाव बढ्याच्या शिवारात, नदीच्या अंगाला ती जमीन होती. आम्ही ती बटईनं करायचो, म्हणजे पिकेल त्यातलं निम्मं मालकाचं, निम्मं आमचं. लग्न होऊन आले तेव्हापासून वांगी, मिरच्या, मेथी, सांबार हेच माझं जग. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठल्या वाफ्यात मुळा गोड होतो, हे मला ठाऊक होतं, आणि जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर. मालक गावातले मोठे शेतकरी. माझे सासरे त्यांच्याच घरी जन्मभर सालदार होते. एकदा मालकांनी आम्हाला बोलावून सांगितलं, मी हा मळा विकणार आहे, तुम्ही कसता म्हणून आधी तुम्हाला विचारतो. किंमत ऐकून आम्ही दोघं तिथे हसलो. घरी येईपर्यंत हसू विरलं.

ह्यांना तेलावर चालणारी इंजिनं दुरुस्त करण्याचा नाद होता. कोणाच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की ह्यांना बोलावणं यायचं. अशाच कामातून शेगावच्या एका ड्रायव्हरची ओळख झाली. तो आखातात एका परदेशी कंपनीत ट्रक चालवत होता, सुटीवर आला होता. कंपनी वाळवंटात रस्ते बांधत होती आणि मशिनी सांभाळणारी माणसं त्यांना हवी होती. हे त्याच्याबरोबर गेले. पहिलं वर्ष संपलं तेव्हा वर्षाचा सगळा पगार एकदम आला. तो आम्ही जसाच्या तसा मालकांच्या हाती इसार म्हणून दिला. उरलेले पैसे त्यानंतरच्या दोन आखज्यांच्या आत द्यायचे, नाही दिले तर इसार बुडाला आणि मळाही गेला, असं ठरलं. आखजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे शेतीचं वर्ष त्या दिवशी फिरतं.

तर हे पायरीवर बसलेले आणि मी विचारतेय, बाकीचे लोक पैसे महिन्याच्या महिन्याला घरी धाडतात, तुमचे कंपनीकडे राहिले कसे? तेव्हा कळलं. पगाराच्या दिवशी हे कारकुनाला म्हणायचे, खर्चापुरते द्या, बाकीचे राहू द्या, वर्षाचं एकदम घेईन. कारकुनानं एकदोनदा विचारलं म्हणे, नक्की का? मग एका कागदावर ह्यांची सही घेतली आणि विषय मिटला. पहिल्या वर्षी त्यांनी चोख हिशोब करून दिला, म्हणून दुसऱ्या वर्षीही तसंच. आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कंपनी बसली. मशिनी जागच्या जागी थांबल्या, साहेब लोक विमानानं पळाले, आणि मजुरांना आपल्या सरकारच्या तिथल्या कचेरीनं कसंबसं जहाजात बसवून दिलं.

मी फार बोलले त्या दिवशी. खोटं कशाला सांगू, माझी जीभ तिखटच आहे. म्हटलं, एवढा समुद्र ओलांडून गेलात आणि डोक्यातली सालदारी काही गेली नाही! कारण ती सालदारीच होती. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. आखजीला बोली होते, पुढच्या आखजीला हिशोब. मधे लागेल तशी उचल घ्यायची, उरलेली मजुरी मालकाकडे राहू द्यायची. जो वर्षभर मजुरीला हात लावत नाही तो खानदानी सालदार, असा आमच्याकडे मान. सासऱ्यांनी तो मान जन्मभर मिरवला, आणि लेकानं तोच उचलून वाळवंटात नेला.

हे एक शब्द उलट बोलले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून हे मळ्यात यायचे, काम करायचे, पण विहिरीकडे आणि इंजिनाकडे बघायचे नाहीत. जी वस्तू आपली होणार नाही तिच्याकडे कशाला बघायचं, असं काहीतरी चाललं होतं मनात. मला ते पाहवत नव्हतं.

गावात जो तो सांगायला लागला, गेलं ते गंगेला मिळालं. बाई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि हे तर परमुलखातलं कोर्ट. मी ऐकून घ्यायचे आणि टोपली डोक्यावर घ्यायचे. गंगेला मिळायला ते काय माझ्या सासूच्या अस्थी होत्या? ऊन खाऊन कमावलेला पैसा होता. तो कुठेतरी असणारच, आणि जिथे असेल तिथून मी आणणारच, एवढंच मला कळत होतं.

शेगावचा ड्रायव्हरही परत आला होता. तो महिन्याच्या महिन्याला पैसे धाडायचा, त्यामुळे त्याचं शेवटचंच थोडं अडकलं होतं. हे जायला तयार होईनात, म्हणून मीच एस.टी.नं त्याच्याकडे गेले. महाराजांच्या देवळासमोर त्याच्या भावाचं प्रसादाचं दुकान होतं, तिथे तो भेटला. त्यानं सांगितलं की तिथल्या कोर्टानं एक माणूस नेमलाय. तो कंपनीच्या मशिनी, ट्रक सगळं विकणार आणि आलेला पैसा ज्याच्या त्याला वाटणार. त्याचा पत्ता ड्रायव्हरनं लिहून दिला. मी देवळात गेले नाही. म्हटलं, काम झाल्यावर येईन, आत्ता मागायला लागले तर दुसरंच काही मागून बसेन.

तो पत्ता घेऊन मी मलकापूरच्या वकिलांकडे गेले. या वेळी ह्यांना हाताला धरून नेलं. वकील तरुण होते, पण घर शेतकऱ्याचं, त्यामुळे बोलायला सोपं गेलं. त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. फीचं विचारलं तर म्हणाले, पैसे आले तर द्या, तोवर वांगी चालतील. त्यानंतर मलकापूरला कधी रिकाम्या हातानं गेले नाही.

होळीच्या सुमाराला उत्तर आलं. वकिलांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि आम्हाला समजावून सांगितलं. विक्रीचे पैसे आले की आधी मजुरांची मजुरी भागवायची, नोकरी सुटल्याचे आणि रजेचे काही पैसे असतात तेही त्याच्यातच, असा तिथला कायदा. त्यानंतर बँका. आणि ज्यांनी कंपनीला पैसे वापरायला दिले असतील ते सगळ्यात शेवटी. त्यांच्यापर्यंत काही उरत नाही. आमचं नाव दोन्हीकडे होतं. शेवटच्या महिन्याचा पगार मजुरीत धरला होता. बाकीचं सगळं ठेव म्हणून शेवटच्या रांगेत. ह्यांनी ज्या कागदावर सही केली होती त्याच्यावर तसंच छापलेलं होतं.

हे खुर्चीवरून उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. मी जागची हलले नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, सालदाराची मजुरी मालकाकडं राह्यली, तर ते ठेव होते काय? त्यानं काय मालकाले कर्ज देल्लं? ते बाकी हाये. आखजीची बाकी."

वकिलांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले की हे मला कळतं, आमच्याही घरी सालदार आहेत. पण तिथल्या कोर्टाच्या साहेबाला सालदार म्हणजे काय ते कुठून कळणार? आणि हे तुम्ही सांगून चालणार नाही, तुमचा तर त्यात फायदा आहे. जो सालदार ठेवतो, ज्याला पैसे द्यावे लागतात, अशा मोठ्या शेतकऱ्यानं तहसीलदारापुढे शपथेवर लिहून दिलं पाहिजे की आमच्या मुलखात अशी रीत आहे. मग मी ते इंग्रजीत करून पाठवतो. जेठ महिना संपायच्या आत मात्र तिथे पोचायला हवं.

सालदार ठेवणारा मोठा शेतकरी म्हटलं की गावात एकच नाव. मळ्याचे मालक.

मी गेले त्यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं, मालकीणबाईंना चहा करायला सांगितला, आणि म्हणाले, पाहू. दुसऱ्यांदा गेले तर म्हणाले, कोर्टकचेरीत आपलं नाव कशाला. तिसऱ्यांदा ते घरात असून नव्हते. मालकीणबाईंनी दारात माझ्याशी बोलताना नजर चुकवली, आणि त्यांच्याच तोंडून निघून गेलं की मलकापूरचा एक व्यापारी मळा बघून गेलाय, भाव चांगला देतो म्हणतो. म्हणजे आमचे पैसे बुडण्यात मालकांचा फायदा होता. इसार त्यांचाच राहणार होता आणि वर जमीन चढ्या भावानं जाणार होती. माणूस वाईट नव्हता हो, पण फायदा समोर दिसला की भल्याभल्यांचा कान जड होतो.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे न व. आपल्या नशिबात नाई."

"नशीब राहू द्या बाजूले," मी म्हटलं. "आखजी येऊन राह्यली."

आखजीचं माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, चुलीपुढे. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि मालकांचं नाक कुठल्या दिवशी हातात येतं ते मला ठाऊक होतं. सालदाराच्या घरची सून होते मी.

आखजीच्या सकाळी मी पूर्वजांच्या नावानं घागर भरली, नैवेद्य ठेवला. सासऱ्यांना मनात सांगितलं, मामंजी, आज तुमच्या मालकाच्या दारात मी जरा मोठ्यानं बोलणार आहे, रागावू नका. डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. हे नको नको म्हणत होते, पण वेशीपर्यंत गेल्यावर मागे वहाणांचा आवाज आला. वळून पाहिलं नाही, पण बरं वाटलं.

मालकांच्या अंगणात त्या दिवशी सगळे सालदार बसलेले असतात. धुतलेले कपडे, डोक्याला फेटे. एकेकाला बोलावून वर्षाचा हिशोब चुकता होतो, आणि मग पुढच्या वर्षाची बोली. त्या दिवशी सालदार मोकळा असतो. पटलं तर राहील, नाही पटलं तर उठून दुसऱ्याच्या दारात जाईल. वर्षातून एवढा एकच दिवस मालक त्याच्याकडे जरा नरमाईनं बघतो. बायका तिथे जात नाहीत. मी गेले आणि अंगणाच्या मध्यावर उभी राहिले. मालक ओसरीवर बसले होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. सणासुदीचं काय काढलं हे, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मालक, सनाचाच सवाल हाये. हे सारे वर्षभर तुमच्या वावरात राबले. त्याईची मजुरी तुमच्याकडं हाये. ते त्याईनं तुमाले वापराले देलेलं कर्ज हाये का त्याईच्या घामाची बाकी हाये? उद्या तुमच्यावर काही बेतलं, तं याईले आधी भेटन का सावकाराच्या मागून?"

सालदारांतला एक म्हातारा हळूच पुढे सरकून बसला. बाकीचेही मालकांकडे बघायला लागले. मालक रागानं लाल झाले. मी काय केलंय ते त्यांना पक्कं कळलं होतं. "कर्ज" म्हणाले असते तर त्या अंगणातून एकेक फेटा उठून दुसऱ्याच्या दारात गेला असता, आणि पेरणीला हातावर हात धरून बसायची वेळ आली असती.

मग मालक म्हणाले, "बाकी हाये. मजुरी हाये ते. सावकाराच्या आधी."

"मंग हेच तहसीलदारापाशी सांगा," मी म्हटलं.

मालकांनी मान फिरवली. तो म्हातारा सालदार मात्र बोलला, अगदी हळू, की सांगा ना मालक, खरंच तर आहे. मालकांनी मुनिमाला हातानं खूण केली, पुढचा हिशोब घे. मला वाटलं, संपलं सगळं. फाटकाशी हे उभे होते. आम्ही दोघं घरी आलो. त्या दिवशी आमरस केला होता, पण वाट्या तशाच राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांची जीप आमच्या दारात थांबली. दोघंही चला म्हणाले, मलकापूरला. वकिलांनी सगळं लिहून ठेवलं होतं. तहसीलदारापुढे ते वाचून दाखवलं की आमच्या भागात सालदाराची मजुरी वर्ष सरल्यावर देण्याची रीत आहे, तोवर ती मालकाकडे असली तरी मजुरीच राहते, त्याला कोणी उसनवारी म्हणत नाही. मालकांनी लेखणी हातात घेतली आणि थांबले. मग ते म्हणाले, अजून एक लिहा. माझे वडील वारले तेव्हा आखजी लांब होती. माझ्या आईनं दहावा व्हायच्या आत आधी आमच्या सालदाराची मजुरी मोजून दिली, मग बाकीच्या कामाला हात लावला. तो सालदार म्हणजे ह्यांचा बाप.

हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. सासऱ्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही पदर तोंडाला लावला. मालकांनी सही केली आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

त्यानंतर नुसती वाट बघणं. पावसाळा गेला, कापूस फुटला, वेचला गेला. मधे तिथून दोन पत्रं आली, दोनदा वकिलांनी उत्तरं धाडली. गावातले लोक मला बघून हसायचे, बाई अजून साहेबाच्या पत्राची वाट बघून राह्यली. मी म्हणायचे, हो, बघते, तुम्ही वांगी घेता का तेवढं सांगा. एक गोष्ट मात्र झाली होती. हे इंजिनाकडे बघायला लागले होते. एका दुपारी त्यांनी ते सगळं खोलून, पुसून, तेल घालून परत जोडलं.

पुढच्या होळीला मलकापूरच्या बँकेतून निरोप आला. त्या साहेबानं आमचं म्हणणं मान्य केलं होतं. सगळा पगार शेवटच्या रांगेतून उचलून मजुरांच्या रांगेत बसवला होता, नोकरी सुटल्याचे पैसेही धरले होते. मशिनी कमी भावात गेल्यामुळे मजुरांनाही पूर्ण मिळालं नव्हतं, रुपयातले काही आणे कापले गेले. पण आले. मी आधी शेगावला जाऊन आले आणि वकिलांच्या घरी वांग्यांऐवजी फी नेऊन दिली.

मुदतीच्या, दुसऱ्या आखजीला आम्ही दोघं मालकांच्या ओसरीवर गेलो. ह्यांनी पैसे पुढे ठेवले. ते इसारासकट मोजले तरी किमतीला कमीच पडत होते. मुनिमानं मालकांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, त्या व्यापाऱ्याचंच असणार. अंगणात सालदार बसलेच होते, तोच म्हातारा पुढे. मालकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"मळा तुमचा झाला," ते ह्यांना म्हणाले. "राह्यलेलं असू दे तुह्यापाशी. पुढल्या आखजीले दे."

ह्यांनी हात जोडले. मला मात्र राहवलं नाही. मी म्हटलं, "असू देतो मालक. पन ते तुमची ठेव नाई आमच्यापाशी. बाकी हाये."

मालक एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मालकीणबाई आतून पाणी घेऊन धावत आल्या. त्यांनी आम्हाला रसाच्या वाट्या दिल्या, आणि त्या आम्ही तिथेच, ओसरीवर बसून संपवल्या.

पुढच्या आखजीपर्यंत ती बाकी काही थांबली नाही. दर महिन्याला भाजीचा पैसा हाती आला की हे सदरा घालायचे आणि मालकांकडे जाऊन जमेल तेवढं देऊन यायचे. मालक वैतागायचे. एकदा मी सोबत होते तेव्हा म्हणाले, "काय बे हे दर महिन्याले? आखजीले एकदम दे ना. तुहा बाप तं आखजीशिवाय पैशाचं नावबी काढे नाई."

हे म्हणाले, "हाव मालक. पन त्याचा मालक तुमच्या घरचा होता. माहा मालक बुडाला, तवापासून कोनाची बाकी वर्षभर ठेववत नाई." आणि पैसे त्यांच्या हातात ठेवले.